उत्तर नसतानाची श्रद्धा : प्रस्तावना

रविवारच्या उपासनेत मध्यस्थीच्या प्रार्थनेची वेळ आली की पाळकांच्या हातात चिठ्ठ्या येतात. कुणाचे डायलिसिस सुरू असते, कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाच्या मुलाने घराशी बोलणे टाकलेले असते. कळंबोलीतल्या चिठ्ठ्यांवर या गावाचाही हात फिरलेला असतो. लोखंड बाजारात उठाव नसला की गोदामांतली चढउतार थंडावते आणि माथाडीपासून ट्रकचालकापर्यंत सगळ्यांच्या घरी महिनाअखेर लवकर येते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग इथून सुरू होतो. रात्रपाळीला गाडी घेऊन गेलेल्या माणसाचा फोन येईपर्यंत त्याचे घर जागे असते. २६ जुलै २००५ च्या पावसात सिडकोच्या या वसाहतीत घरे पाण्याखाली गेली. ज्यांनी ते पाहिले त्यांना जुलैतली संततधार आजही स्वस्थ झोपू देत नाही.

या चिठ्ठ्या वाचून झाल्यावर पाळक काय बोलतात आणि मंडळी काय ऐकते, हा या पुस्तकाचा विषय आहे. देव प्रेमळ आहे आणि समर्थही आहे, मग हे आमच्याच वाट्याला का, हा प्रश्न ख्रिस्ती माणसाला इतर कुणाइतकाच छळतो. किंबहुना थोडा अधिकच, कारण ज्याच्यावर विसंबायचे त्याच्याकडेच त्याला जाब मागावा लागतो. दोन हजार वर्षांत या प्रश्नाची उत्तरे पुष्कळ दिली गेली. मात्र ज्यांच्या आयुष्यात श्रद्धा खरोखर टिकली, त्यांच्यापैकी फार थोड्यांची ती उत्तरामुळे टिकली. देवाकडे तक्रार करण्याची मुभा त्यांना होती, आणि त्यांचे स्वतःचे बळ सरले तेव्हा त्यांच्या वतीने आशा धरून ठेवणारी माणसे शेजारी होती. मराठी ख्रिस्ती परंपरेत या दोन्ही गोष्टी ठसठशीतपणे दिसतात. प्रस्तुत संग्रह याच धाग्यावर उभा आहे.

नवख्या वाचकासाठी आधी पवित्र शास्त्राकडे वळू. दुःखाबद्दल शास्त्र एका सुरात बोलत नाही. चांगल्याचे चांगले आणि वाइटाचे वाईट होते, असा नीतिसूत्रांचा साधारण सूर आहे. ईयोबाचे पुस्तक त्यालाच आव्हान देते. निर्दोष माणसाची मालमत्ता, मुले आणि प्रकृती जाते. मित्र येतात, सात दिवस गप्प बसतात आणि मग तोंड उघडून सगळे बिघडवतात. तुझेच काहीतरी चुकले असेल, हा त्यांचा युक्तिवाद. शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर; ओरडणाऱ्या, भांडणाऱ्या ईयोबाचे बोलणे तो योग्य ठरवतो. आजाऱ्याच्या उशाशी बसून पापाचा हिशेब मांडणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल पुन्हा वाचावा.

स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. त्यातली बहुतेक शेवटी स्तुतीकडे वळतात; अठ्ठ्याऐंशीवे मात्र अंधारातच संपते, आणि तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. यरुशलेमचा पाडाव झाल्यावर विलापगीत लिहिले गेले. नव्या करारात गेथशेमाने बागेत येशू स्वतः हा प्याला टळावा अशी विनवणी करतो आणि वधस्तंभावरून बाविसाव्या स्तोत्रातला आक्रोश करतो. रोमकरांस पत्रात पौल दुःखापासून धीर, धीरापासून कसाला उतरलेले शील आणि त्यातून आशा अशी चढण दाखवतो. ती चढण वर पोचलेल्या माणसाने मागे वळून सांगितलेली आहे. पायथ्याशी कोसळलेल्याच्या तोंडावर ती फेकली, तर तिचा दगड होतो.

पुढच्या शतकांत या सामग्रीतून निरनिराळे संप्रदाय घडले. पाचव्या शतकाच्या उंबरठ्यावर ऑगस्टीनने वाइटाला स्वतंत्र अस्तित्व नाही, ते चांगल्याचा अभाव आहे आणि माणसाच्या स्वेच्छेतून ते आले, अशी मांडणी केली. त्याच्याही आधीच्या इरेनियसला जग म्हणजे माणूस घडण्याची जागा वाटत होती. १५१८ साली हायडेलबर्गच्या वादसभेत मार्टिन ल्यूथरने वधस्तंभाचे ईश्वरविज्ञान मांडले: देव वैभवात शोधू नका, तो अपमानात आणि वेदनेत प्रकट होतो. १७१० मध्ये लायब्नित्सने हे जग शक्य तितक्या जगांपैकी उत्तम असल्याचे तर्काने दाखवले. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणादिवशी, माणसे प्रार्थनेला जमलेली असताना लिस्बन भूकंपाने उद्ध्वस्त झाले आणि त्या तर्काची युरोपभर थट्टा झाली.

विसाव्या शतकातल्या महायुद्धांनी प्रश्नाचा रोखच बदलला. देवाने हे का होऊ दिले, याच्या जागी हे घडत असताना देव कुठे होता, असे विचारले जाऊ लागले. डीट्रिख बॉनहोफर याला ९ एप्रिल १९४५ रोजी नाझींनी फाशी दिली. तुरुंगातल्या त्याच्या पत्रांत दुर्बळ, दुःख सोसणारा देवच माणसाला साहाय्य करू शकतो हा विचार येतो. जपानमध्ये काझो कितामोरी याने १९४६ साली देवाच्या वेदनेवर ग्रंथ लिहिला. जर्मन सैन्यात भरती झालेला आणि युद्धकैदी म्हणून ख्रिस्ती झालेला युर्गेन मोल्टमान याने १९६४ मध्ये आशेचे ईश्वरविज्ञान मांडले. पुनरुत्थानावर विश्वास असलेला माणूस आजच्या अन्यायाशी जुळवून घेऊच शकत नाही, असे त्याचे म्हणणे होते. पेरूच्या गुस्ताव्हो गुतिएरेझने गरिबांच्या वस्तीतून ईयोब वाचला. कॅथलिक परंपरेत पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ साली वेदनेच्या अर्थावर प्रेषितपत्र लिहिले, सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ साली आशेवर परिपत्रक काढले, आणि २०२५ चे जुबिली वर्ष पोप फ्रान्सिस यांनी आशेलाच वाहिले. त्याच वर्षी, २१ एप्रिलला, ते स्वतः गेले.

हे सारे बाहेरचे झाले. आपल्या भाषेत या विषयाचा जन्म १६१६ साली रायतूर येथे छापल्या गेलेल्या ख्रिस्तपुराणात शोधावा लागतो. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स याने सुमारे अकरा हजार ओव्यांत उत्पत्तीपासून येशूच्या पुनरुत्थानापर्यंतची कथा मराठीत आणली. त्या ग्रंथाची पार्श्वभूमी मात्र सुखाची नव्हती. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन होते. देवळे पाडली गेली होती. १५८३ साली कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले आणि त्याचा सूड म्हणून पोर्तुगीजांनी गावातल्या पुढाऱ्यांना ठार केले. कुंकळ्ळीच्या त्याच साष्टी भागात स्टीफन्स काम करत होता. ज्यांचे जुने देव हिरावले गेले अशा नवख्रिस्ती लोकांच्या हाती त्याने त्यांच्याच ओवीछंदात दुःखी तारणाऱ्याची कथा दिली. ख्रिस्ती आशेवर मराठीत लिहिताना हे दोन्ही सांगावे लागते: ही आशा ज्या गलबतांतून आली त्यांतूनच दुःखही उतरले. चर्चने सोसलेले तेवढे सांगायचे आणि चर्चने दिलेले झाकायचे, हा मार्ग या पुस्तकाने घेतलेला नाही.

दुसरा मोठा टप्पा एकोणिसाव्या शतकाचा. १८१३ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत सुरू झाले. त्याचा संस्थापक गॉर्डन हॉल १८२६ साली दौऱ्यावर असताना पटकीने वारला. १८४२ साली अहमदनगरहून ज्ञानोदय निघू लागले. पण मराठी ख्रिस्ती समाजाचा चेहरा खऱ्या अर्थाने घडवला तो १८७६-७८ च्या आणि शतकाच्या शेवटच्या दुष्काळांनी. नगर-जालना भागात महार, मांग समाजातली कुटुंबेच्या कुटुंबे ख्रिस्ती झाली. पोटासाठी बाटले, हा टोमणा त्यांच्या नातवंडा-पतवंडांपर्यंत पोचला आहे. त्यात तथ्य किती, याचा काथ्याकूट अनेकांनी केला. भुकेल्या माणसाने भाकरी देणाऱ्यात देव पाहिला, यात शरमेचे काय आहे, असा उलट प्रश्न मला विचारावासा वाटतो. गावकुसाबाहेर ज्याला पाणीही वरून ओतले जात होते, त्याला देवाच्या मेजावर शेजारी बसवले गेले, हे त्या माणसाच्या दृष्टीने भाकरीहून थोडे नव्हते.

दुष्काळाने घडवलेली सर्वांत मोठी मराठी ख्रिस्ती व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई. १८७४ मध्ये आई, वडील आणि बहीण काही महिन्यांत गेली. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती बिपिनबिहारी मेधवी पटकीने गेले. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली-बायका घेऊन परतल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातून उभे राहिले. स्वतः उपास काढलेल्या बाईला उपाशी मुलीचे वर्णन कुणी ऐकवावे लागत नाही. आयुष्याच्या शेवटी एकुलती मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. त्या आघातानंतरही मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणण्याचे काम पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. दुःख का आले, यावर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला नाही. त्यांनी शाळा काढली, विहिरी खोदवल्या, छापखाना चालवला.

टिळक दांपत्याचे देणे वेगळे आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला आणि घर दुभंगले. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. समाजाने टाकलेला नवरा, हाताशी लहान मूल, मागे गमावलेल्या लेकरांचे दुःख, या सगळ्यातून त्या स्वतःच्या पायांनी श्रद्धेपर्यंत आल्या. त्यांचे आत्मचरित्र स्मृतिचित्रे वाचताना जाणवते की या बाईने एकही दुःख सोवळ्यात गुंडाळून ठेवलेले नाही आणि एकावरही हसायचे सोडलेले नाही. ख्रिस्ती साक्षीच्या साहित्यात असा विनोद विरळा. टिळक तर आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असे सांगत. त्यात या विषयाचे एक मर्म दडले आहे. तुकोबांनी दुष्काळात पत्नी आणि मूल गमावले, दिवाळे काढले आणि विठ्ठलाशी कडाकडा भांडण केले. देवाला नावे ठेवत त्याच्याच दारात बसण्याची रीत मराठी माणसाला बायबल हाती येण्याआधी ठाऊक होती. म्हणूनच विलापाची स्तोत्रे टिळकांच्या भजनांच्या चालीवर मराठी मंडळीत परकी वाटली नाहीत.

विसाव्या शतकात ही आशा संस्थांत आणि आंदोलनांत उतरली. मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयाने दक्षिण महाराष्ट्रातल्या पिढ्यांना वेदनेत हात दिला. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या लढ्यात जमीन आणि पाणी यांनाही शुभवर्तमानाच्या कक्षेत आणले. त्यांचे सुबोध बायबल घरोघर गेले, आणि प्रकृती साथ देत नसतानाही जानेवारी २०२० मध्ये त्यांनी उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले.

त्याच विसाव्या शतकात एक अधिक अवघड प्रश्न पुढे आला. महाराष्ट्रातून आलेल्या अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात केलेल्या भाषणातून दलित ईश्वरविज्ञानाची वाट उघडली. भारतीय ख्रिस्ती विचार वेदान्ताशी संवाद करण्यात रमला आणि मंडळीतल्या बहुसंख्य दलितांचे दुःख त्यातून निसटले, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी येशूलाच दलित म्हणून पाहिले. हे दुःख कागदावरही आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी बांधल्या गेल्या. पुढे १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. मंडळीच्या आतही जात पुरती गेलेली नाही. सोयरीक ठरवताना ती हळूच डोके वर काढते. ज्या आशेला या दुःखाचे नाव घेता येत नाही, ती अर्धीच.

आणि मग अगदी जवळचे एक नाव. कळंबोलीपासून काही किलोमीटरवर तळोजा कारागृह आहे. झारखंडमध्ये आदिवासींसाठी काम करणारे जेझुइट फादर स्टॅन स्वामी यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली आणि या कारागृहात ठेवले गेले. वय त्र्याऐंशी, पार्किन्सनने थरथरणारे हात. पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मागावा लागला. आतून लिहिलेल्या पत्रांत त्यांनी स्वतःपेक्षा सोबतच्या गरीब कच्च्या कैद्यांबद्दल अधिक लिहिले. ५ जुलै २०२१ रोजी, खटला सुरू होण्याआधी, जामीन न मिळताच वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. प्रकरणाबद्दल वाचकाचे मत काहीही असो; तुरुंगातल्या पौलाची पत्रे वाचणाऱ्या मंडळीला आपल्या शेजारच्या तुरुंगाकडे पाठ फिरवता येत नाही.

करोनाने हा विषय प्रत्येक घरात आणला. १० एप्रिल २०२० चा उत्तम शुक्रवार लोकांनी मोबाइलच्या पडद्यावर पाळला. राज्यातली प्रार्थनास्थळे नोव्हेंबर २०२० मध्ये उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. मधल्या काळात माणसे गेली ती निरोपाविना. शवपेटीला हात लावता आला नाही, भजन म्हणता आले नाही. तो विलाप अनेकांच्या आत अजून अडकून आहे. मंडळी पुन्हा भरू लागल्यावर आम्ही आभाराची उपासना केली. विलापाची करायची राहून गेली.

म्हणून या विषयाची आज गरज आहे, आणि तिला एक दुसरेही कारण आहे. श्रद्धा ठेवली, दशमांश दिला की कर्ज फिटेल, आजार पळेल, परदेशाचा व्हिसा मिळेल, असे सांगणारे प्रवचन हल्ली मोबाइलवर चोवीस तास चालू असते. ते ऐकणाऱ्याला मी हसत नाही. ज्याच्याकडे वैद्यकीय विमा नाही, तो चमत्काराकडे पाहणारच. पण बरे न झालेल्या माणसाला ते प्रवचन दुहेरी शिक्षा देते: आजार त्याचा आणि विश्वास कमी पडल्याचा दोषही त्याचाच. ईयोबाचे मित्र आता ध्वनिक्षेपकासह परत आले आहेत. त्याच्या उलट टोकाला सगळे देवाची इच्छा म्हणून गप्प बसणारी मंडळी आहे. तिथे नैराश्याने पोखरलेल्या तरुणाला प्रार्थना कर म्हणतात आणि डॉक्टरकडे न्यायचे विसरतात. प्रार्थना आणि औषध यांत निवड करायला लावणारी श्रद्धा मिरजेच्या रुग्णालयाचा वारसा सांगू शकत नाही.

या पार्श्वभूमीवर हा संग्रह काय करू पाहतो, ते थोडक्यात सांगतो. यात काही लेख अभ्यासाचे आहेत आणि बाकी साक्षी आहेत. साक्षी देणारे कळंबोली-पनवेल परिसरातले, कॅथलिक, प्रोटेस्टंट, सिरियन आणि पेंटेकोस्टल अशा सगळ्या मंडळ्यांतले. कुणाचे घर नगरचे, कुणाचे वसईचे, कुणाचे केरळचे. प्रत्येक साक्ष विजयाने संपली पाहिजे, अशी अट आम्ही घातली नाही. काहींचा आजार बरा झालेला नाही, एकाचा देवाशी अबोला लिहितानाही चालू होता. ते तसेच छापले आहे. साक्ष म्हणजे यशोगाथा, ही जी सवय आपल्या व्यासपीठांना लागली आहे, ती मोडावी अशी आमची इच्छा आहे.

दुःखाचे कोडे सोडवल्याचा दावा हे पुस्तक करत नाही, आणि इतर धर्मांच्या उत्तरांशी स्पर्धाही करत नाही. बुद्धाने दुःखाचे मूळ शोधले, वारकऱ्यांनी ते विठ्ठलाच्या पायी ठेवले. या मातीत वाढलेल्या ख्रिस्ती माणसाच्या कानावर दोन्ही पडलेले आहे. आमचे सांगणे इतकेच की देव दुःखाबाहेर उभा राहून पाहत नाही, तो त्यात उतरला, आणि कबरेचा शब्द शेवटचा ठरला नाही. हे सिद्ध करता येत नाही. त्यावर जगून पाहता येते. आणि एकट्याने जगून पाहणे फार कठीण असते, म्हणून मंडळी असते. पक्षाघाताने पडलेल्या माणसाला छप्पर उघडून येशूपुढे सोडणाऱ्या चौघांची गोष्ट शुभवर्तमानात आहे. येशूने विश्वास पाहिला तो त्या चौघांचा.

वाचकाने हे पुस्तक सलग वाचलेच पाहिजे असे नाही. दुःख ताजे असेल तर अभ्यासाचे लेख बाजूला ठेवावेत, एखादी साक्ष वाचावी, किंवा तीही नको वाटली तर पुस्तक मिटून ठेवावे. ज्यांचे दिवस सध्या बरे आहेत, त्यांना मात्र एक विनंती आहे. पुढच्या रविवारी चिठ्ठ्या वाचल्या जातील तेव्हा त्यातले एक नाव लक्षात ठेवा आणि आठवड्यात त्या घरी जा. उपदेश करू नका. चहा घ्या, बसा, विचारले तर बोला, आणि रुग्णालयात सोबत लागणार असेल तर पाळी वाटून घ्या. आमच्या लेखी या पुस्तकाचे खरे वाचन तेच.